कॅप्टन थेन आणि शाळेची फरशी

फेब्रुवारीत नातू चार दिवस राहायला आला होता. अकरावीत आहे. फुटबॉलचं वेड इतकं, की मँचेस्टर युनायटेडचा तो लाल शर्ट धुवायला टाक म्हटलं तरी अंगातून काढत नाही. सहा तारखेला सकाळी चहा घेऊन गेले, तर स्वारी मोबाईल हातात धरून गप्प बसलेली. "काय रे, निकाल वगैरे लागला की काय?" म्हटलं. "नाही गं आजी, आज म्युनिकचा दिवस." मग त्याने मला एका घड्याळाचा फोटो दाखवला. मँचेस्टरच्या त्यांच्या मैदानाबाहेर भिंतीवर ते घड्याळ आहे आणि त्यावर तारीख लिहिली आहे, ६ फेब्रुवारी १९५८. त्या दिवशी या संघाला घेऊन येणारं विमान म्युनिकला पडलं. आठ खेळाडू गेले. पोराला आठही नावं पाठ! (अष्टप्रधानांतली पाच नावं सांग म्हटलं, तर तिसऱ्यावर अडकतो. असो.)

मी सहज विचारलं, "पडलं कशाने?"

"बर्फाने. आधी पायलटची चूक म्हणत होते, मग बदललं."

आता मी पडले इतिहासाची बाई. छत्तीस वर्षं हेच केलं. 'आधी असं म्हणत होते, मग बदललं' हे कानावर पडलं की मला राहवत नाही. कोण म्हणत होतं? कशावरून? आणि बदललं ते कोणी, किती वर्षांनी? नातू पुण्याला परत गेला आणि मी मात्र वाचत बसले. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, इंग्रजी बेताचं. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचं म्हणजे वेळ लागतोच. पण वाचता वाचता एक जुनी गोष्ट अशी काही वर आली, की लिहिल्याशिवाय चैन पडेना. ती पुढे सांगते. आधी म्युनिक. (ताई, तुला अपघाताचं वाचवत नाही हे माहीत आहे. तू पुढचे तीन-चार परिच्छेद सोड.)

तर मंडळी, संघ बेलग्रेडला युरोपियन कपचा सामना खेळून परत निघाला होता. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला, पण आधीचा सामना जिंकलेला असल्यामुळे उपांत्य फेरी गाठली होती, सगळे खुशीत होते. विमान ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं, 'अँबॅसडर' जातीचं, दोन इंजिनांचं. बेलग्रेडहून मँचेस्टर एका दमात गाठण्याएवढं इंधन त्यात मावत नसे, म्हणून वाटेत म्युनिकला थांबा. एकूण माणसं ४४. कॅप्टन जेम्स थेन, आणि जोडीला केनेथ रेमेंट, तोही कॅप्टनच्याच हुद्द्याचा. जाताना थेनने विमान नेलं, येताना रेमेंटने आणायचं असं दोघांचं ठरलेलं. म्हणून रेमेंट डाव्या खुर्चीत बसला आणि थेन उजव्या. कंपनीच्या नियमाप्रमाणे प्रमुख वैमानिकाने डावीकडे बसायला हवं होतं. ही खुर्ची लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

म्युनिकला बर्फ पडत होता. दुपारी अडीचच्या सुमारास पहिल्यांदा धावपट्टीवर विमान सोडलं, तर डाव्या इंजिनाच्या दाबाचा काटा वरखाली नाचायला लागला. थांबवलं. लगेच पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. या जातीच्या विमानाला ही खोड होती आणि म्युनिकसारख्या समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरवरच्या ठिकाणी ती जास्त दिसे. उतारूंना खाली उतरवलं. डंकन एडवर्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा खेळाडू होता, त्याला वाटलं आज काही आपण जात नाही. त्याने घरमालकिणीला तार केली, की आजची विमानं रद्द, उद्या येतो.

तिथल्या अभियंत्याचं म्हणणं पडलं, रात्रभर थांबा, इंजिन नीट लावून घेऊ. थेनला वाटलं तेवढी गरज नाही. थ्रॉटल जरा हळूहळू उघडला की काटा नाचत नाही. फक्त त्याने वेग सावकाश धरतो आणि धावपट्टी जास्त लागते. धावपट्टी तर सुमारे १९०० मीटर लांब होती. पुरेशी. पंखांवर बर्फ आहे का हेही दोघांनी पाहिलं, पण लांबून. पडलेला बर्फ वितळून पाणी ठिबकत होतं. पंख धुवून घ्यायची गरज नाही असं ठरलं. शिडी लावून वर चढून मात्र कोणी पाहिलं नाही. हेही लक्षात ठेवा.

तीन वाजून काही मिनिटांनी तिसऱ्यांदा विमान धावलं. काटा ११७ नॉटपर्यंत चढला, म्हणजे ताशी २१७ किलोमीटर. इथून पुढे थांबायचं नाही असा तो वेग असतो, कारण थांबायला जागाच उरत नाही. जमीन सोडायला ११९ हवे. आणि त्या क्षणी काटा चढायच्या ऐवजी उतरला. ११२. मग १०५. बर्फाचा काटा नव्हे, वेगाचा! धावपट्टी संपली, विमान कुंपण तोडून रस्त्यापलीकडे गेलं, पंख एका घरावर आपटला, मागचा भाग एका शेडवर. तिथे टायर आणि इंधन भरलेला ट्रक उभा होता. २३ माणसं गेली, काही तिथेच आणि काही दवाखान्यात. तो तार करणारा एडवर्ड्स पंधरा दिवस झुंजून गेला. रेमेंट आत अडकला होता, तोही काही आठवड्यांनी गेला. हॅरी ग्रेग नावाचा गोलकीपर जळत्या विमानात परत शिरून एका तान्ह्या बाळाला आणि त्याच्या गरोदर आईला बाहेर घेऊन आला. थेन हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन पळत होता.

वाचलेला वैमानिक तो एकटाच. म्हणजे विचारायचं कोणाला, हा प्रश्नच उरला नाही.

अपघात ज्या देशात होतो त्या देशाने चौकशी करायची, असा आंतरराष्ट्रीय रिवाज आहे. तेव्हा जर्मन चौकशी सुरू झाली. मुख्य चौकशी अधिकारी रायशेल विमानापाशी पोचले ते रात्री, अपघातानंतर सुमारे सहा तासांनी. तोवर बर्फ पडतच होता. त्यांनी पंखावरचा बर्फ बाजूला करून पाहिला, तर खाली गोठलेला खरखरीत थर सापडला. झालं! १९५९ च्या मार्चमध्ये निकाल बाहेर आला: पंखांवर बर्फ गोठलेला होता, त्याने पंखांची उचल कमी झाली, हेच निर्णायक कारण. पंख साफ आहेत की नाहीत हे पाहणं कोणाचं काम? कॅप्टनचं.

पुराव्यात एक फोटोही होता, उड्डाणाच्या थोडा आधी काढलेला. त्यात पंख पांढरेधोप दिसत होते. पुढे मूळ निगेटिव्ह तपासलं तेव्हा तो पांढरेपणा उजेडाची चमक निघाला. मी वर्गात मुलांना मूळ साधन आणि नक्कल यांतला फरक शिकवताना बखरींची उदाहरणं द्यायची. हा फोटो तेव्हा माहीत असता तर एकच उदाहरण पुरलं असतं.

आता तो काटा. थेन पहिल्यापासून सांगत होता, की माझ्या डोळ्यांसमोर वेग उतरला. विचार करा, पंखावर बर्फ असेल तर विमान वर उचलणार नाही, हे खरं. पण जमिनीवर धावणाऱ्या चाकांचा वेग कसा कमी होईल? चाकांना काहीतरी धरल्याशिवाय होणार नाही. आणि चाकांखाली काय होतं? अर्धवट वितळलेल्या बर्फाचा लगदा. याला इंग्रजीत एक शब्द आहे, आपल्याकडे बर्फच नाही तर शब्द कुठून असणार! आमच्या गावाकडे गाळ-चिखलाला रेंदा म्हणतात, मी तोच वापरते. हा रेंदा जेमतेम सेंटिमीटरभर होता. चालणाऱ्याचे बूटसुद्धा धड बुडणार नाहीत. पण वेग वाढतो तशी त्याची ओढ नुसती वाढत नाही, वेगाच्या वर्गाने वाढते. दुप्पट वेगाला चौपट ओढ. आणि धावपट्टीच्या पहिल्या भागात आधीच्या विमानांच्या चाकांनी रेंदा तुडवलेला होता. शेवटच्या भागात तो तसाच अंथरलेला, कारण तिथे पोचायच्या आधीच ती विमानं उडालेली असायची. थेनच्या विमानाने थ्रॉटल हळू उघडला, जास्त धावपट्टी घेतली आणि त्या न तुडवलेल्या भागात शिरलं. म्हणजे बघा, इंजिनाच्या दुखण्यावरचा उपायच त्याला तिथे घेऊन गेला.

पण वेग उतरला हे सांगणारा माणूस कोण, तर ज्याच्यावर ठपका तोच. त्याच्या शब्दाला किंमत किती?

शिवाय रेंदा हे कारण धरलं, तर बोट विमानतळाकडे वळतं. धावपट्टी कोणी तपासली, कोणी ठीक म्हटलं? हा विमानतळ जर्मनीचा आणि चौकशीही जर्मनीची. कोणी मुद्दाम लबाडी केली असं म्हणण्याएवढं मला माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर तेव्हा विमानतळवाल्यांनाही, वैमानिकांनाही, रेंद्याने अशा विमानाचं काय होतं याची नीट कल्पना नव्हती. किती सेंटिमीटरपर्यंत चालेल असा सर्वमान्य आकडाच नव्हता. ज्या गोष्टीला मर्यादा लिहिलेली नाही, ती ओलांडली असं कोणाला म्हणणार? याउलट 'पंख साफ ठेवा' हे प्रत्येकाला पाठ होतं. सापडलेली चूक नियमाच्या पुस्तकात बसत होती.

आणि आता ज्या ठिकाणी मी वाचता वाचता थांबले, ते सांगते. अपघातानंतर अगदी लवकर जे मदतीला धावले त्यांत एक जर्मन गृहस्थ होता, स्वतः वैमानिक आणि विमानांच्या रचनेतला जाणकार. त्याने पंख जवळून पाहिला होता. त्यावर वितळता बर्फ होता, गोठलेला थर नव्हता, असं तो म्हणाला होता. त्याच्या जबानीतला हा भाग जर्मन चौकशीत पुढे आलाच नाही. दहा वर्षांनी ब्रिटिश चौकशीपुढे आला.

पुस्तक मिटलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच ओटा पुसत बसले.

१९८६ चा जुलै. तालुक्याच्या गावातली आमची शाळा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ चार पायऱ्या होत्या. मधल्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा तिथे घसरला, कोपराचं हाड मोडलं. वडील वजनदार माणूस, मोठा गहजब झाला. तीन शिक्षकांची समिती नेमली. अक्षर चांगलं आणि भाषा शुद्ध म्हणून अहवाल लिहायचं काम माझ्याकडे. पायऱ्या कोरड्या ठेवायचं काम शिपाईमामांचं, हे त्यांच्या कामाच्या यादीत लिहिलेलंच होतं. पायऱ्या ओल्या होत्या हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मामांना बोलावलं. ते हात जोडून म्हणाले, "बाई, मी घंटा द्यायच्या आधी पुसल्या होत्या. पण टाकी वरून गळते, आणि ती नवी फरशीच निसरडी आहे. मी दोनदा सांगितलंय ऑफिसात."

मी ते लिहिलं नाही.

का नाही लिहिलं? कोणी सांगितलं नव्हतं, लिहू नका म्हणून. मला ते विषयाला सोडून वाटलं. टाकी वेगळी, फरशी वेगळी. प्रश्न पायऱ्या पुसल्या की नाही एवढाच आहे, असं मी स्वतःच ठरवलं. दोन वर्षांपूर्वी जुने खडबडीत दगड काढून गुळगुळीत शहाबादी बसवली होती, ती संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या पसंतीने. हे मला माहीत होतं. गंमत म्हणजे, आम्ही सगळ्या बाया पावसाळ्यात त्या पायऱ्या उतरताना भिंतीला हात धरूनच उतरायचो! रोज. आणि अहवालात मी लिहिलं, 'शिपायाच्या हलगर्जीपणामुळे.' मामांची एक वेतनवाढ रोखली. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पाचवीतली मुलगी पडली, तेव्हा मामा रजेवर होते आणि पायऱ्या दुसऱ्याने पुसल्या होत्या. मग कुठे टाकीचा व्हॉल्व बदलला आणि फरशीला टाके घातले.

रायशेलसाहेबांना नावं ठेवायला मी कुठल्या तोंडाने जाऊ?

विमानाच्या जगात तोवर निदान काही माणसांना हे कळायला लागलं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक, उतरून झाल्यावर, पंखाच्या झडपा मिटायच्या त्याऐवजी चाकंच मिटून टाकायचे आणि विमान पोटावर बसायचं. वैमानिकाची चूक म्हणून नोंद व्हायची. १९४३ मध्ये अल्फॉन्स चापानिस नावाचा मानसशास्त्रज्ञ हे पाहायला गेला. त्याच्या लक्षात आलं, की चाकांची कळ आणि झडपांची कळ शेजारी-शेजारी आहेत आणि दिसायला अगदी सारख्या. दमलेल्या माणसाचा हात चुकणारच. दुसऱ्या एका विमानात कळा वेगळ्या होत्या, तिथे असं होतच नव्हतं. त्याने चाकांच्या कळीला रबरी चाक लावलं आणि झडपांच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. हाताला अंधारातसुद्धा कळावं. चुका थांबल्या. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोघांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून सांगितलेले ४६० प्रसंग गोळा करून तपासले, आणि बहुतेकांच्या मुळाशी यंत्राची मांडणीच सापडली. हे सगळं म्युनिकच्या दहा वर्षं आधीचं बरं का. पण एका खोलीत कळलेलं दुसऱ्या खोलीत पोचायला वेळ लागतो. आमच्या शाळेत तर ऑफिसापासून टाकीपर्यंत पोचायला दोन पावसाळे लागले.

आपल्याकडचीही एक आठवण सांगते. १९७८ च्या दोन जानेवारीला सकाळी रेडिओवर बातमी ऐकली, आदल्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' मुंबईहून दुबईला निघालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं, एकही वाचला नाही. उड्डाणापासून दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. विमान कुठे झुकलं आहे हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र बिघडलं होतं. विमान सरळ होतं आणि यंत्र सांगत राहिलं, की उजवीकडे झुकलं आहे. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, डोळ्यांना धरायला क्षितिज नाही. त्यांनी डावीकडे वळवलं, वळवतच राहिले. चौकशीत यंत्राचा बिघाडही आला आणि कॅप्टनने इतर यंत्रांवरून विमान सावरलं नाही हेही आलं. आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा सगळे 'पायलटचंच चुकलं असणार' म्हणत होते. मीही म्हटलं असणार. ते बिचारे उत्तर द्यायला नव्हते. थेन होता, एवढाच फरक.

आणि थेनने उत्तर दिलं, दहा वर्षं. कंपनीने आधी त्याला बसवून ठेवलं आणि १९६० च्या नाताळच्या दिवशी बडतर्फीचं पत्र त्याच्या हातात पडलं. कारणं काय, तर पंख नीट तपासले नाहीत, आणि ती खुर्ची! चुकीच्या खुर्चीत बसला. रेंद्याला खुर्चीशी काय देणंघेणं, पण खुर्चीचा नियम लिहिलेला होता. थेनने बर्कशायरमध्ये कोंबड्या पाळल्या आणि उरलेल्या वेळात कागद जमवले, पत्रं लिहिली, हिशेब मांडले. मधल्या काळात रेंद्यावर खरे प्रयोग झाले. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत खरी विमानं रेंद्यातून पळवून ओढ मोजली गेली. तो म्हणत होता ते आकड्यात दिसायला लागलं. जर्मनीत १९६५ मध्ये पुन्हा सुनावणी झाली. रेंद्याचाही वाटा असावा असं तिथे मान्य झालं, पण पंखांवरच्या बर्फाला मुख्य कारण म्हणायचं काही सोडलं नाही. एकदा सही केलेला अहवाल मागे घेणं किती जड जातं, हे मी सांगू शकते.

शेवटी १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये एडगर फे यांच्या आयोगाने सगळं पुन्हा उघडलं. त्या जर्मन जाणकाराचं म्हणणं तिथे ऐकलं गेलं, फोटोचं निगेटिव्ह तपासलं गेलं. १९६९ च्या जूनमध्ये अहवाल आला: कारण धावपट्टीवरचा रेंदा, अपघाताचा दोष थेनवर येत नाही. नोकरी मात्र परत मिळाली नाही. १९७५ मध्ये हृदयविकाराने तो गेला, नुकती पन्नाशी ओलांडलेला.

रेंद्याला पुढे मर्यादा आली. बऱ्याच जेट विमानांना साधारण अर्ध्या इंचावर रेंदा असेल तर उडायचं नाही. आणि नोव्हेंबर २०२१ पासून तर जगभर अशी पद्धत लागू झाली आहे, की ओल्या किंवा बर्फाळ धावपट्टीचे तीन भाग धरायचे आणि प्रत्येक भागाची स्थिती शून्य ते सहा अशा अंकांत वेगवेगळी वैमानिकाला कळवायची. पहिला भाग पाच, दुसरा पाच, तिसरा तीन, असं. हे वाचलं तेव्हा मी नातवाला रात्री साडेदहाला फोन केला. तो म्हणाला, "आजी, शेवटचा भाग वेगळा!" पोरगं हुशार आहे, अष्टप्रधान पाठ नसले तरी.

मामांकडे मी गेले होते, १९९४ मध्ये, ते निवृत्त झाल्यावर. मनात जुळवून गेले होते, की असं असं झालं, तुम्ही फरशीचं सांगितलं होतं आणि मी लिहिलं नाही. घराच्या ओसरीवर बसलो. मी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बाई, तुम्ही लिहून घेताय असंच मला वाटलं होतं. तुमचा पेन चालत होता." मग आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला आणि माझ्या मुलांची चौकशी केली.

त्या वेतनवाढीचं पुढे काही करता येतं का, हे मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं. क्लार्क म्हणाला, जुनी प्रकरणं आता उघडत नाहीत, आणि तुमच्याच सहीचा अहवाल आहे ना वर?